दोसुतीची सीट

धुळ्यात आग्रा रोडला लागून गाड्यांच्या बॉड्या बांधणारी एक शेड होती. माझे मिस्टर तिथे सीटचं काम करायचे. ट्रकची, टेम्पोची, कुणाचीही सीट फाटली की गाडी त्यांच्याकडे यायची. मी घरी शिवणकाम करायचे. आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत होतं आणि त्या गल्लीतले ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नसराईतले परकर बहुतेक माझ्याच मशीनवरून जायचे.

एकदा जुन्या ट्रकमधली सीट काढताना तिची लोखंडी फ्रेम मिस्टरांच्या उजव्या मनगटावर पडली. हाड जुळलं, पण अंगठ्यात जोर आला नाही. कात्री धरली की हातातून निसटायची. शेडच्या मालकांना सगळे नाना म्हणत. माणूस सरळ होता. त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली आणि मग एका सकाळी घरी आले. चहा घेतला, मनगटाची चौकशी केली, मग म्हणाले, "गाड्या खोळंबल्यात मिस्त्री. मालेगावचा एक जण यायला तयार आहे. तुमचा हात बरा झाला की परत तुमचं काम तुमचंच."

हात बरा होणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी दारात उभी होते. मी विचारलं, "नाना, मशीन तुमच्या शेडमधलंच वापरायचं ना?"

"हो, का?"

"मग मालेगावचा कशाला? मी येते."

नानांनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर जमिनीकडे पाहत होते. "रेक्झिन म्हणजे पोलक्याचं कापड नव्हे बाई," नाना म्हणाले. "आणि तिथं दिवसभर ड्रायव्हर-क्लीनरांचा राबता. तुला बसायला धड आडोसा नाही."

"आडोसा मी करते. काम देता का ते सांगा."

नाना गेल्यावर मिस्टर म्हणाले, "आधी मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो, म्हणालो असतो." जेवताना म्हणाले, "उद्या तुझ्या सुया नेऊ नकोस. तिथं त्यांचा उपयोग नाही. जाड सुया माझ्या डब्यात आहेत."

शेडच्या कोपऱ्यात जुनी ताडपत्री बांधून मी आडोसा केला. पहिली सीट शिवली ती एका टेम्पोची. मी ब्लाउजला घालते तशी एकसारखी बारीक टीप घातली आणि मनाशी खूश झाले. थोड्याच दिवसांत टेम्पो परत आला. टिपेच्या रेषेवर रेक्झिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं होतं, कागदावरून पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. मिस्टर म्हणाले, "बारीक टीप घातली की रेक्झिनला भोकंच भोकं पडतात. टाका लांब पाहिजे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. दुखापतीनंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर शेडमध्ये येऊ लागले. डाव्या हातानं कात्री चालवायला शिकले. कापायचे ते, शिवायची मी, फ्रेमवर ताणून बसवायचो दोघं मिळून. गल्लीतली कुजबुज काही महिने चालली आणि मग तिचाच तिला कंटाळा आला असावा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तोवर खेड्यांतून माल यायचा तो बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं नाहीतर मोठ्या ट्रकनं. आता पिकअप निघाल्या होत्या. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, शेतातल्या कच्च्या रस्त्यानंही आत जाणारी गाडी. चोपडा, रावेर, यावलकडचे केळीवाले आणि धरणगाव-अमळनेरचे कापूसवाले तिच्या मागे लागले होते. आमच्या भागात दोन कंपन्यांची चढाओढ होती. एकीचा डीलर जळगावला, दुसरीचा धुळ्याला. ओझं दोन्ही गाड्या जवळपास सारखंच वाहायच्या, डिझेलही सारखंच प्यायच्या. मग गिऱ्हाइकानं फरक शोधायचा कुठं? तर आत, केबिनमध्ये.

तिथं धुळ्याची गाडी मार खायची. आत सपाट बाक, त्यावर काळं रेक्झिन, दाराला आतून नुसता रंगवलेला पत्रा, डॅशबोर्डही पत्र्याचा. जळगावच्या गाडीत राखाडी कापडाच्या सीटा, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड, दाराला आतून गुबगुबीत अस्तर आणि छताला छोटा दिवा. त्यांच्या रंगीत माहितीपत्रकावर इंजिनाचा फोटो मागच्या पानावर होता आणि केबिनचा पुढच्या.

धुळ्याचे डीलर शेठ एक दिवस नानांकडे आले. "गिऱ्हाईक येतं, चाकाला लाथ मारून बघतं, हौदा बघतं, खूश होतं," ते म्हणाले. "मग दार उघडून आत डोकावतं आणि म्हणतं, जळगावला जाऊन येतो. गेलेला माणूस परत येत नाही नाना. कंपनीला पत्रं लिहून थकलो. तुम्ही मला आतून सजवून द्या. गिऱ्हाइकानं दार उघडलं की ते लावूच नये असं पाहिजे."

आम्ही लाल मखमल आणली. पाठीला बटणं ठोकली, छताला झालर लावली, दारांना मरून रेक्झिन. केबिन तयार झाली तेव्हा शेडमधले वेल्डरसुद्धा काम टाकून बघायला आले. शेठनी दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. गाडी दोन दिवसांत गेली.

मग जळगाववाल्यांनी इंदूरहून कारागीर आणवला. त्यानं छताला आरशाचे तुकडे बसवले. आम्ही डॅशबोर्डला लाकडी पट्टी दिली. त्यांनी सीटच्या पाठीवर मोर भरला. आम्ही दाराला कप्पे केले. असा हा खेळ एक हंगाम चालला, दुसरा चालला. मला त्याची गोडी लागली होती. जळगावला लग्नाला गेले तरी मी वाट वाकडी करून त्यांच्या शोरूमबाहेर उभी राहायची आणि काचेतून नवीन काय केलंय ते बघून यायची. मिस्टर म्हणायचे, "तुला आहेर द्यायला पाठवलं होतं का मोर मोजायला?"

अशात एका उन्हाळ्यात आमची पहिली मखमली पिकअप शेडमध्ये आली. ती चोपड्याच्या एका केळीवाल्यानं घेतली होती. तिचा ड्रायव्हर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. दार उघडून तो बाजूला उभा राहिला. मी आत पाहिलं आणि मला माझं काम ओळखू आलं नाही. लाल मखमल काळी पडली होती. केळीचा चीक कापडाला लागला की त्याचा डाग जन्मात जात नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, आणि मला ते सुचलं नव्हतं. ड्रायव्हरच्या जागी सीटवर गोणपाट अंथरलेलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, सीट देखाले भारी शे, पन बसाले नही," तो म्हणाला. "बठ्ठी पाठ भिजी जास. मी त गोणपाट टाकीसन बसस."

सगळी पाठ घामानं भिजते हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. मी म्हटलं, "नवीन रेक्झिन घालून देऊ?"

त्यानं मान हलवली. काळ्या रेक्झिनवर उन्हात बसलं की मांड्या भाजतात, असं तो म्हणाला. मग जळगावच्या गाडीतलं कापड? तेही चिकानं असंच काळं होतं, त्याच्या चुलत भावाची गाडी तीच आहे. मग काय घालू, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "माले काय ठाऊक? तुम्हीच एक दिन बशी देखा."

मी तेच करायचं ठरवलं. मिस्टरांनी आधी हा वेडेपणा म्हटलं, मग पिशवीत पाण्याची बाटली भरायला घेतली. आम्ही सकाळच्या एसटीनं अमळनेरवरून चोपड्याला गेलो आणि दुपारी केळी भरलेल्या त्या पिकअपमधून धुळ्याला परत आलो. वैशाखातली दुपार होती. हमालांनी घड भरले आणि पाणी प्यायला केबिनशी आले, तेव्हा प्रत्येकानं दाराच्या अस्तराला हात पुसले. मी पाहत होते. त्यांचा दोष नव्हता, हात पुसायला दुसरं काही नव्हतंच.

गाडी निघाली आणि अमळनेर येईपर्यंत माझी पाठ बोलायला लागली. वरचा फोम दबून खालची पट्टी लागत होती. सीटची पुढची कड गुडघ्यामागं रुतत होती. ड्रायव्हरचा डावा पाय सतत क्लचवर, त्यामुळे त्याचं सगळं अंग उजवीकडं कललेलं, आणि सीटही उजव्या बाजूनंच खचलेली. मखमलीची ऊब तव्यासारखी. आम्ही मोर आणि झालरी मोजत होतो तेवढा काळ ही माणसं रोज अशी बसून जळगाव, धुळे, थेट सुरतेपर्यंत जात होती. उतरल्यावर मला सरळ उभं राहायला वेळ लागला. ड्रायव्हर हसला नाही. त्यानं फक्त गोणपाट झटकून परत अंथरलं.

त्यानंतरचा महिना मी शेडमध्ये वेगळंच काम केलं. खाली काथ्याचा थर, त्यावर फोम. उजवीकडे काथ्या जास्त दाबून भरला. पुढची कड उतरती केली. बाजूंना फिकट रंगाचं रेक्झिन, कारण तिथं घासतं, आणि मधे जिथं माणूस बसतो तिथं दोसुती, म्हणजे दुहेरी सुताचं जाडंभरडं कापड. घाम शोषतं, तापत नाही. चिकाचा प्रश्न राहिला होता. तो मिस्टरांनी सोडवला. ते म्हणाले, "डाग जात नाही ना? मग जाऊ दे. कापड रंगवूनच गडद तपकिरी घे आणि नाड्या लावून सुटं कर. काढायचं, धुवायचं, परत बांधायचं. पार गेलं की दुसरं." मी दोन जोड शिवले आणि दाराला हात पुसायला एक जुनेऱ्याची पट्टीही बटणावर अडकवली.

ती सीट आधी त्या ड्रायव्हरच्याच गाडीत बसवली, मालकाला विचारून. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा गोणपाट नव्हतं. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "वहिनी, आते ठीक शे." एवढंच. मला पुरलं.

शेठना दाखवली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "हे काय? बाजेवरची गोधडी वाटतेय ही."

"शेठ, तुम्ही बसून बघा."

"मी बसून काय करू? मला विकायची आहे. गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं ताई. बसतो त्याचा ड्रायव्हर."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी वाद घातला नाही, पण मागेही हटले नाही. चोपड्याला बाजाराच्या दिवशी दोन्ही डीलर आपापल्या गाड्या मैदानात मांडणार होते. मी म्हटलं, तुमच्या सगळ्या गाड्या मखमलीच्या ठेवा, एक माझी ठेवा, मी स्वतः तिच्याजवळ उभी राहते. नाना मधे पडले म्हणून शेठ कबूल झाले.

त्या दिवशी मैदानावर गर्दी उसळली ती जळगाववाल्यांच्या आरशांच्या केबिनपुढं. पोरं आत वाकून आपली तोंडं बघत होती. आमच्या मखमलीपुढंही बरे लोक होते. माझ्या गाडीपाशी येऊन माणसं आत बघायची, नंतर माझ्याकडे बघायची आणि पुढं जायची. एकानं तर विचारलं, ही जुनी गाडी आहे का. ऊन चढत गेलं. शेठ लांबून बघत होते. मिस्टर म्हणाले, "चल, चहा पिऊन येऊ." मी म्हटलं, "तुम्ही जा. मी इथून हलणार नाही."

दुपारी एक म्हातारी बाई आली, बरोबर तिचा मुलगा. हिरवं लुगडं, हातात पिशवी. मुलगा आरशांच्या गाडीबद्दल बोलत होता आणि बाई काही न बोलता एकेका गाडीत चढून बसून बघत होती. माझ्या गाडीची पायरी तिला उंच झाली, मी हात दिला. ती बसली, पाठ टेकली. बाकीच्या गाड्यांमधून ती लगेच उतरली होती, इथं बसून राहिली. मग दोसुतीवरून तळवा फिरवून म्हणाली, "हाई धुता येस का?"

मी नाड्या सोडल्या, कापड काढून तिच्या हातात दिलं, दुसरा जोड बांधून दाखवला. तिनं शिवण उलटून पाहिली, टाका ओढून पाहिला.

"कोणी शिवं?"

"मीच शिवलंय, अक्का."

"मंग ठीक शे," ती म्हणाली. "आमना पोरे गाडीमाच जेवतस." आणि मुलाकडे वळून, "हाईच ली."

मुलानं आरशांच्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं शेठना हाक मारली.

दिवसभरात माझी ती एकच गाडी गेली. जळगाववाल्यांच्या त्याहून पुष्कळ गेल्या. परतताना शेठ म्हणाले, "ताई, तुमचा मान राहिला. आता मखमल शिवा." मी त्यांना सांगितलं की तुम्ही सांगाल तितकी मखमल शिवते, पण ही सीटही शिवत राहणार. कुणी मागितली तर त्याला नाही म्हणणार नाही. शेठनी खांदे उडवले.

मागायला लोक आले, पण मला वाटलं होतं त्या दारानं नाही. नवीन गाडी घेणाऱ्यांनी मखमलच मागितली. एक हंगाम उलटला की त्यांचे ड्रायव्हर शेडमध्ये यायचे आणि म्हणायचे, त्या चोपड्याच्या गाडीसारखी करून द्या. मग जळगावच्या गाड्याही यायला लागल्या, राखाडी कापड चिकानं काळं झालेल्या. चाळीसगाव, पारोळा, साक्रीकडून ड्रायव्हर पत्ता विचारत यायचे. शेवटी जळगावच्या डीलरनं माणूस पाठवला. आमच्या गाड्यांसाठी सुटी कव्हरं शिवून द्याल का, म्हणून.

हे शेठना कळलं तेव्हा ते तणतणत आले. "माझ्या गाडीतली वस्तू तुम्ही त्यांना देणार? मग माझ्या गाडीत वेगळं काय राहिलं?"

"शेठ, तुम्ही ती गोधडी म्हणून नाकारली होती," मी म्हटलं. "तुम्हाला हवी तर आधी तुम्हाला देते. पण त्यांच्या ड्रायव्हरलाही पाठ आहे. त्याला परत पाठवणार नाही."

शेठ नानांकडे वळले. नाना म्हणाले, "शेड माझी आहे शेठ. शिलाई तिची आहे." पण शेठ नानांचं मोठं गिऱ्हाईक होते, आणि नानांची अडचण मला दिसत होती. घरी बोलून आम्ही ठरवलं आणि त्या दिवाळीनंतर आग्रा रोडलाच, शेडपासून थोडं पुढं, पत्र्याचं एक छोटं दुकान घेतलं. नानांनी ते जड मशीन आम्हाला जुन्या भावात दिलं आणि उद्घाटनाला स्वतः नारळ घेऊन आले. शेठ आले नाहीत. पुढं वर्षभरानं त्यांची गाडी आली, ड्रायव्हरबरोबर निरोप होता, चोपड्यासारखी करा.

त्यानंतर एकदा शेठच्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर दुकानात आला. डीलरांनी कळवल्यावरून तो गावोगाव फिरून अशी दुकानं बघत होता. मला वाटलं होतं साहेब येईल, नाक वर करून बघून जाईल. तो जमिनीवर मांडी घालून बसला, सीट उलटी करून आतला काथ्या बोटांनी चाचपला, ड्रायव्हरांशी बोलला. मी उजवीकडे जास्त का भरते ते त्याला पटलं. मग तो म्हणाला, "ताई, काथ्या सुटा भरलात की वर्षात खाली बसतो. रबर लावून दाबलेला मिळतो, तो घ्या. आणि फोम एकच जाड थर नको, खाली कडक आणि वर मऊ असे दोन घ्या." त्यानं कागदावर चित्र काढून दिलं. मी तसं करून पाहिलं आणि त्याचं बरोबर निघालं. माझ्या सीटा त्यानंतर दुप्पट टिकल्या.

नव्वदीच्या मध्यावर दोन्ही कंपन्यांची नवीन मॉडेलं आली. त्यातलं एक शेठनी मला बघायला बोलावलं, शोरूममध्ये, खुर्ची देऊन. मी केबिनमध्ये चढले. सीटची पुढची कड उतरती होती. मधे जाड विणीचं गडद कापड, बाजूंना रेक्झिन. पाठीला आधार होता. दाराचं अस्तर धुता येण्यासारखं. आमचं बघून केलं असेल का, ते मला माहीत नाही. त्या इंजिनिअरनं कितीतरी गावं पाहिली होती आणि कितीतरी ठिकाणी माझ्यासारखीच माणसं बसली असतील. मी मुद्दाम बराच वेळ बसून राहिले. पाठ दुखली नाही.

"काय ताई, काही खोट?" शेठनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चांगली आहे."

बाहेर आल्यावर मिस्टर म्हणाले, "आता आपल्याकडे कोण येणार?" ते गमतीत बोलत नव्हते. नवीन गाड्यांचं काम त्यानंतर कमी होत गेलं, ते खरंच आहे.

आम्ही चालत आग्रा रोडला आलो. रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या पत्र्याच्या सीटवर ड्रायव्हरनं दुमडून घोंगडी ठेवली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तो अर्धवट उठून उभा राहत होता. मी मिस्टरांना म्हटलं, "त्याला थांबवा जरा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

त्यांनी हात वर केला.